घोडा रात्री आत बांधावा की बाहेर ठेवावा? नांदेड-लातूर भागासाठी मार्गदर्शन

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेतून घोडा विकत घेऊन घरी आणला की पहिल्याच संध्याकाळी प्रश्न पडतो, याला रात्री ठेवायचे कुठे? यात्रा भरते मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास, म्हणजे आपल्या येळवशीच्या दिवसांत. थंडी कडाक्याची असते. हजारो रुपये, कधी लाखांत मोजून आणलेले जनावर. मग बहुतेक घरी एकच होते. गोठ्याच्या मागची खोली रिकामी करतात, खिडकीला पोते लावतात, दार ओढून घेतात आणि घोडा आत बांधतात. काळजीपोटी केलेली ही सोय बऱ्याचदा घोड्याला महागात पडते.

आधी थोडक्यात उत्तर देतो. आपल्या भागात निरोगी, वयात आलेल्या घोड्याला वर्षातील बहुतेक रात्री वर छप्पर आणि बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये किंवा कुंपण असलेल्या सुरक्षित आवारात ठेवणे चांगले. चारी बाजूंनी बंद तबेला लागतो तो काही ठरावीक रात्री आणि काही ठरावीक जनावरांना. त्या रात्री आणि ती जनावरे कोणती, हे पुढे दिले आहे.

घोडा आणि गाय यांत फरक काय?

गाई-म्हशी सांभाळण्याचा अनुभव आपल्याकडे दांडगा आहे. लाल कंधारी आणि देवणी या दोन्ही जाती याच मातीतल्या. पण तो अनुभव जसाच्या तसा घोड्याला लावता येत नाही. गाय पोटभर खाऊन बसते आणि निवांत रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही, जठर लहान, आणि मोकळा असला तर तो दिवसरात्र मिळून १४ ते १६ तास थोडे थोडे खात, चालत राहतो. संध्याकाळी ७ वाजता वैरण टाकून सकाळी ७ पर्यंत त्याला आखूड दाव्याने बांधून ठेवले तर वैरण तीन-चार तासांत संपते आणि उरलेली रात्र पोट रिकामे व पाय जागच्या जागी. पोटशूळ, पायांवर सूज, लाकूड कुरतडणे, जागेवर डोलणे या तक्रारी यातूनच येतात.

झोपेचाही फरक आहे. घोडा उभ्यानेच डुलकी घेतो, दिवसाची एकूण झोप तीन ते पाच तासच. पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवे व्हावेच लागते, आणि जागा ओली, अरुंद किंवा भीतीची वाटली तर तो आडवा होत नाही. तुमचा घोडा दिवसा उभ्या उभ्या पुढच्या गुडघ्यांवर कोसळल्यासारखा होत असेल, तर रात्रीची जागा तपासा. आजार नंतर शोधा.

थंडीची भीती मात्र सोडून द्यावी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास, एखाद्या लाटेत त्याहून खाली येतो. अंग कोरडे आणि पोटात वैरण असेल तर सवय झालेल्या मोठ्या घोड्याला ही थंडी सहज झेपते. वैरण पचताना अंगात ऊब तयार होते, म्हणून थंडीच्या रात्री चंदी वाढवण्यापेक्षा कडबा वाढवावा. धनगरांच्या वाड्यावर पाहा. मेंढरांबरोबर फिरणारी त्यांची तट्टे आयुष्यभर उघड्यावर रात्र काढतात आणि त्यांच्या पायांचा, पोटाचा काटकपणा सगळ्यांना ठाऊक आहे.

बंद खोलीत काय बिघडते

एक घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो आणि वर कित्येक लिटर मूत्र. बंद खोलीत त्याचा अमोनिया तयार होतो. तो जमिनीलगत जास्त असतो, आणि घोडा खातो-झोपतो तिथेच. उभे राहून तुम्हाला वास येणार नाही. पहाटे दार उघडल्या उघडल्या, झाडलोट करण्याआधी, गुडघ्यावर बसून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर त्या खोलीत घोडा ठेवू नका.

दुसरी गोष्ट धुळीची. लातूर पट्ट्यात सोयाबीनचे भुसकट फुकटात मिळते, म्हणून तेच खायला आणि तेच खाली अंथरायला वापरले जाते. ते धुळीचे असते, आणि मळणीच्या वेळी पावसाने भिजले असेल तर बुरशीचे. बंद खोलीत ही धूळ रात्रभर घोड्याच्या छातीत जाते. काही महिन्यांनी कोरडा खोकला, मग श्वास सोडताना पोट दोनदा उचलणे, मग कायमचा दमा. एकदा दमा जडला की घोडा वरातीच्याही कामाचा राहत नाही. भुसकट द्यायचेच असेल तर पाणी शिंपडून द्या, बुरशीचे अजिबात देऊ नका.

आणखी एक मुद्दा आहे, तो लातूर-धाराशिवच्या लोकांना वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ४ वाजायला चार मिनिटे असताना किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद कोसळून माणसे झोपेतच दगावली. गावोगावचे तसलेच पडके वाडे आज राहायला वापरत नाहीत म्हणून जनावरांना दिले जातात. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले. दगड-मातीच्या जुन्या भिंतीला टेकून घोड्याचे ठाण करू नये. पावसाळ्यात तर अशा भिंती धक्क्याशिवायही पडतात.

‘बाहेर’ म्हणजे नेमके कुठे?

परदेशी पुस्तके किंवा व्हिडिओ पाहून ‘घोडा चोवीस तास बाहेरच हवा’ असे सांगणारे आता आपल्याकडेही भेटतात. त्यांच्याकडे बाहेर म्हणजे लाकडी कुंपणाचे गवताचे रान. आपल्याकडे शेत उघडे, बांधावर काटेरी तार, पलीकडे शेजाऱ्याचे पीक. त्यामुळे आपल्या ‘बाहेर’चे तीन प्रकार धरावे लागतात आणि तिन्हींचा धोका वेगळा आहे.

पहिला, मेखेला किंवा खुंट्याला बांधलेला घोडा. लांब दोर सर्वांत वाईट. पाय अडकतो, घोडा ओढतो, आणि खुराच्या वरच्या भागाला हाडापर्यंत कापते. दोर एवढाच असावा की तोंड जमिनीला टेकेल, आडवे होता येईल, पण पुढचा पाय दोरावरून जाणार नाही. गाठ एका ओढीत सुटणारी हवी. अगाडी-पिछाडी दोन्ही लावून रात्रभर जखडणे ही पागेतली जुनी रीत आहे. तिथे मोतद्दार रात्री जागा असायचा. तुमच्याकडे जागणारे कोणी नसेल तर पिछाडी लावू नका.

दुसरा, पायबंद घालून सोडलेला. धनगरांच्या तट्टांना याची सवय लहानपणापासून असते. यात्रेतून आणलेल्या मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याला एकाएकी पायबंद घालून रात्री सोडू नये. तो पडतो.

तिसरा, कुंपणाच्या आवारात मोकळा. तिन्हींत हा उत्तम, पण आवार तसे हवे. काटेरी तार घोड्यासाठी सर्वांत धोक्याची, कारण घाबरला की तो थेट पळतो आणि अंधारात तार दिसत नाही. रानडुकरांसाठी शेताला झटका मशीन लावले असेल तर तारेला हातभर अंतरावर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधा आणि घोड्याला आधी दिवसाउजेडी सगळे कुंपण फिरवून दाखवा. आवारात कठडा नसलेली विहीर किंवा प्लॅस्टिक कागदाचे शेततळे असेल तर तिथे घोडा रात्री मोकळा सोडूच नका. शेततळ्याच्या ओल्या कागदावर खूर टिकत नाही. पाणी प्यायला उतरलेले जनावर वर येऊ शकत नाही. कुंपणाला कण्हेर लावलेली असेल तर ती मुळासकट काढा. तिची मूठभर पानेही घोड्याचा जीव घेऊ शकतात, वाळलेली पानेसुद्धा तितकीच विषारी. शेवरीसारखा हिरवा पाला म्हणून सुबाभूळ खाऊ घालणाऱ्यांनीही हात आखडता घ्यावा. जास्त झाली की आयाळ आणि शेपटीचे केस गळतात.

हंगामाप्रमाणे काय करावे

उन्हाळा. मार्चच्या मध्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत घोडा रात्री बाहेर, याबद्दल शंका ठेवू नये. नांदेडला दुपारी पारा ४२-४३ अंशांवर जातो. तापलेले पत्रे आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत आत उष्णता सोडत राहतात. दिवसा झाडाची किंवा उंच छपराची सावली, दिवेलागणीनंतर मोकळे आवार, असा क्रम ठेवा. मोठा घोडा दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात वरच्या आकड्याकडे, आणि त्यातले बरेचसे संध्याकाळी-रात्री. लातूरकरांना २०१६ ची रेल्वेने आलेल्या पाण्याची आठवण आहे. टंचाईच्या वर्षी घोडा विकत घेण्याआधी हा हिशेब करा. पाण्याचा हौद रात्री भरलेला आहे की नाही, हे झोपण्याआधी बघून या.

अपवाद अवकाळीचा. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. ढग भरून आले, विजा चमकू लागल्या की घोडा छपराखाली घ्यावा, आणि छप्पर नसेल तर निदान एकट्या झाडाखाली बांधू नये. ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर असेल तर परिसरातील विजेची सूचना मिळते. पत्र्यावर गारांचा आवाज झाला की घोडा बिथरतो. अशा वेळी आखूड बांधण्यापेक्षा शेडमध्ये मोकळा ठेवलेला बरा.

पावसाळा. इथे खरा शत्रू पाऊस नाही, काळी माती आहे. पावसात भिजलेला घोडा अंग झटकून वाळतो. पण आठ-आठ दिवस चिखलात उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुराच्या तळाला कुजका वास येऊ लागतो, काळा पू येतो, टाचेमागची कातडी फाटते. म्हणून शेडवर पैसे घालण्याआधी मुरुमावर घाला. निदान १२ बाय १२ फुटांचा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच, थोडा उतार दिलेला मुरुमाचा ओटा, त्यावर १० ते १२ फूट उंचीचे छप्पर, पावसाचा मारा येतो त्या पश्चिमेच्या बाजूला एक भिंत किंवा तट्टी, बाकी बाजू आडव्या बांबूंनी मोकळ्या. एवढी सोय झाली की जून ते सप्टेंबर घोडा रात्री तिथेच. फरशी किंवा शहाबादी लादी घालायचा मोह टाळा. ओल्या लादीवर नाल घसरते आणि घोडा आडवा होत नाही.

माशा-चिलटांचे वेळापत्रकही समजून घ्या. सर्रा हा रक्तातला आजार पसरवणाऱ्या मोठ्या गोमाशा दिवसा चावतात आणि सावलीच्या छपराखाली फारशा येत नाहीत. म्हणजे पावसाळ्यात आणि नंतर दिवसा घोडा आत असलेला बरा. उलट बारीक चिलटे दिवेलागणीला आणि पहाटे तुटून पडतात. त्यांनी काही घोड्यांना आयाळीत आणि शेपटीच्या मुळाशी अशी खाज सुटते की घोडा भिंतीला घासून रक्त काढतो. ही चिलटे फार दुबळी, वाऱ्यात उडू शकत नाहीत. शेडमध्ये साधा पंखा, घोड्याच्या तोंडापासून आणि वायरपासून दूर लावलेला, कडुनिंबाच्या धुरापेक्षा जास्त काम करतो. धूर करून दार बंद करणे तर नकोच. आणि पावसाळ्यात कुठलीही जखम उघडी ठेवू नका. माशांमुळे तिची ‘बरसाती’ होते आणि ती महिनोन् महिने बरी होत नाही.

सुगी. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ घोड्याच्या मालकाने सर्वांत सावध राहण्याचा आहे. शेतात सोयाबीनच्या सुड्या, खळ्यात राशी, घरात पोती. रात्री सुटलेला घोडा राशीला लागला आणि त्याने पोटभर सोयाबीन, ज्वारी किंवा मका खाल्ला, तर सकाळी तो बरा दिसला तरी फसू नका. पोटशूळ काही तासांत, आणि पाय भरणे, म्हणजे खुराच्या आतल्या भागाला सूज येणे, एक-दोन दिवसांत दिसते. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा राहिला की उशीर झालेला असतो. घोड्याने रास खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, डॉक्टरांना बोलवा. या दोन महिन्यांत आवाराचे फाटक साखळीने बंद करा. नुसती कडी घोडा ओठाने उघडतो.

हिवाळा. वर सांगितले तसे, मोकळी शेड पुरते. उत्तर-पूर्वेकडून येणारा गार वारा थेट अंगावर येत असेल तर त्या बाजूला कडब्याच्या पेंढ्यांची तट्टी उभी करा. झूल घालायची तर कोरडी घाला आणि सकाळी ऊन वर आले की काढा. दवाने ओले झालेले गोणपाट अंगावर ठेवण्यापेक्षा काही नसलेले चांगले.

बंद जागा कोणाला लागते

पहिल्या एक-दोन महिन्यांचे शिंगरू आणि त्याची आई. त्यांना थंडीपेक्षा भटक्या कुत्र्यांच्या टोळीपासून जपायचे असते. किनवट-माहूरच्या जंगलाकडील गावांत बिबट्याचीही भर. तिथे सगळीच घोडी रात्री जाळीच्या आत घ्यावीत. जाळी पूर्ण उंच आणि वरून बंद हवी, पण हवा खेळती. आजारी, हाडे दिसणारा, फार म्हातारा किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेला घोडा आत ठेवावा. व्यायला आलेली घोडी आत की बाहेर हे जागेच्या स्वच्छतेवर ठरवा. घाणेरड्या खोलीपेक्षा स्वच्छ आवार बरे, आणि कुठेही व्यायली तरी धनुर्वाताची लस आधी झालेली हवी. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

लग्नसराईतली घोडी हा वेगळा विषय. ती रात्री ११ वाजता घामाघूम होऊन, डीजे आणि फटाक्यांनी बिथरून परत येते आणि मालक स्वतः थकलेला असतो. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत धावलेल्या घोड्यांनाही नंतर असेच सावरावे लागते. आल्या आल्या बांधू नका. १५-२० मिनिटे हळू चालवा, थोडे थोडे पाणी पाजा, गवताच्या बोळ्याने अंग कोरडे करा, पायांना नाल ढिली झाली का पाहा. चंदी लगेच नको, आधी कडबा. मग थंडीच्या दिवसांत आडोशाला आणि उन्हाळ्यात मोकळे. या घोडीला शक्यतो दुसऱ्या जनावराची सोबत द्या. एकटा घोडा रात्रभर कान टवकारून उभा राहतो. शेळी असली तरी चालते.

यात्रेतून नवा घोडा आणला असेल तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. माळेगावात राजस्थान, गुजरात, उत्तर भारतातून आलेली जनावरे एकाच हौदावर पाणी पितात. नवा घोडा पहिले तीन आठवडे घरच्या जनावरांपासून दूर, स्वतंत्र बादली, स्वतंत्र तोबरा, स्वतंत्र खरारा. हवेशीर स्वतंत्र शेड या काळात सर्वांत योग्य, कारण त्याला तुमचे आवार, विहीर, कुंपण माहीत नाही आणि त्याच्या अंगात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. नाकातून चिकट पिवळा स्राव, नाकात व्रण, अंगावर गाठींची माळ दिसली तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. त्याची रक्ततपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते आणि नमुना सरकारी डॉक्टरांमार्फतच पाठवावा. रोग निघाला तर २००९ च्या कायद्यानुसार कारवाई होते, म्हणून लपवाछपवीचा विचार करू नये. शक्य असेल तर खरेदीआधीच तपासणीचा दाखला मागा. देशात घोड्यांची संख्या २०१९ च्या पशुगणनेत सुमारे ३.४ लाख उरली, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास निम्मी. त्यामुळे गावाकडे घोड्याची जाण असलेला माणूसही लवकर मिळत नाही, हे लक्षात घेऊन डॉक्टरांचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

तीन आठवड्यांनी दिवसा आवारात सोडा, मग संध्याकाळी, मग चांदण्या रात्री. पंधरा दिवसांत कळते की हा घोडा बाहेर शांत राहतो की नाही. काही घोडे वर्षानुवर्षे तबेल्यात वाढलेले असतात आणि बाहेर रात्रभर कुंपणालगत फेऱ्या मारून घाम काढतात. त्यांना शेडचे फाटक उघडे ठेवून, आत-बाहेर त्यांच्या मर्जीने जाऊ द्या. खरे तर सगळ्याच घोड्यांना ही सोय देता आली तर ‘आत की बाहेर’ हा प्रश्न तेच सोडवतात.

सकाळी काय पाहावे

रात्रीची जागा बरोबर आहे की नाही हे सकाळी पाच मिनिटांत समजते. अंगाच्या एका बाजूला माती किंवा काडी लागलेली असेल तर घोडा आडवा झाला होता, चांगले लक्षण. लीद नेहमीएवढी आणि फुटणारी हवी. कमी, कडक किंवा चिकट आवरणाची असेल तर पाणी कमी पडले. चारही पायांवरून हात फिरवा, सूज किंवा गरमपणा पाहा, खूर उचलून वास घ्या. विश्रांतीच्या वेळी श्वास मिनिटाला ८ ते १६, नाडी २८ ते ४४, ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा. घोडा पुन्हा पुन्हा पोटाकडे पाहतो, लोळतो, वैरण सोडतो, लीद टाकत नाही, असे दिसले तर घरगुती काढा पाजू नका. नाळीने पाजलेले औषध घोड्याच्या फुप्फुसात जाऊ शकते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर लगेच कळवा. अवघड प्रकरणात उदगीर आणि परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा सल्ला घेता येतो.